आईचे ‘पित्त’, कमी झालेले वजन आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ

शेवंती :

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची असून करमाळ्याजवळच्या आमच्या गावी राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आईला पित्ताचा त्रास आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजीही पित्ताचीच होती, त्यामुळे घरात या गोष्टीचे कोणाला विशेष काही वाटत नाही. उपवास घडला, जागरण झाले किंवा तिखट खाण्यात आले की तिच्या छातीत जळजळ होते, घशाशी आंबट पाणी येते आणि मग एक वेळ लंघन करून ती पुन्हा कामाला लागते. गेली सहा-सात वर्षे ती रोज सकाळी पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी घेते. डॉक्टरांनी ती सुरुवातीला एका महिन्यासाठी लिहून दिली होती; पुढे संपली की मेडिकलमधून परस्पर आणायची, असा क्रम पडून गेला.

या दिवाळीला घरी गेले तेव्हा तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडाला सैल झालेल्या दिसल्या. वजन केले तर ५६ किलो भरले. मागच्या संक्रांतीला ते ६१ होते. तिने आहार मुद्दाम कमी केलेला नाही, परंतु अर्ध्या भाकरीतच पोट भरते असे ती सांगते. पाण्याची कळशी घेऊन ओट्याच्या चार पायऱ्या चढताना तिला दम लागतो. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६ आले; दोन्ही कमी आहेत. पोटाची सोनोग्राफी मात्र पूर्णपणे ठीक आहे. त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू करून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, असे सांगितले आहे.

माझा जीव स्वस्थ नाही. सोनोग्राफी ठीक असल्यामुळे पोटात काही नाही असे मानावे का? तीन महिने वाट पाहावी, की आताच पोटविकारतज्ज्ञांकडे न्यावे? मामांचे म्हणणे असे की पित्तासाठी एवढ्या मोठ्या डॉक्टरांची गरज नाही, आणि आईने तर “मी नळी घालून घेणार नाही” असे आधीच सांगून ठेवले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तालुक्यातला डॉक्टर :

शेवंतीताई, आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. तीन महिने थांबू नका. येत्या आठवडा-दोन आठवड्यांत आईंना पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. लोहाच्या गोळ्या चुकीच्या नाहीत, परंतु लोह गेले कुठे हा प्रश्न त्या गोळ्या सोडवत नाहीत.

मी गेली २६ वर्षे ग्रामीण भागात जनरल फिजिशियन म्हणून काम करतो. ‘पित्त’ या शब्दामुळे रुग्ण उशिरा येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आपल्याकडे छातीत जळजळ होऊन आंबट पाणी वर आले तरी ते पित्त; अर्धे डोके ठणकून उलटी झाल्यावर बरे वाटले तरी ते पित्त, वास्तविक ती बहुधा अर्धशिशी असते; आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठले म्हणून आपण आमसुलाचे पाणी लावतो. शरीरशास्त्रात ज्याला पित्त म्हणतात तो रस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो; आईंच्या छातीत जळजळ करते ते जठरातले आम्ल, जे अन्ननलिकेत वर चढते. एवढ्या निरनिराळ्या तक्रारींना एकच नाव असल्यामुळे नवी तक्रार जुन्याच नावाखाली जमा होते. आईंची जळजळ जुनी आहे. वजन उतरणे, थोड्याशा अन्नाने पोट भरणे आणि रक्त कमी होणे या तीन गोष्टी मात्र नव्या आहेत, आणि आपल्याला उत्तर शोधायचे आहे ते त्यांचे. प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले तर त्याचे कारण शोधावेच लागते. आईंचे ते आठ टक्क्यांनी उतरले आहे.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडे, पोटातले पाणी या गोष्टी चांगल्या दिसतात. जठर आणि आतडी या पोकळ नळ्या आहेत आणि त्यांच्या आतल्या अस्तरावरची जखम, व्रण किंवा लहान गाठ सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. ‘सोनोग्राफी ठीक आली’ याचा अर्थ त्या अस्तराकडे अजून कोणी पाहिलेले नाही, एवढाच घ्यावा.

लोहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये लोह कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा पाळीतला रक्तस्राव आणि अपुरा आहार हे असते. पाळी थांबून वर्षे लोटलेल्या स्त्रीचे फेरिटिन ६ वर येते तेव्हा पचनमार्गात कुठेतरी थेंबथेंब रक्त जात नाही ना, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. असा स्राव इतका मंद असू शकतो की शौचाचा रंगही बदलत नाही. आहारात लोह कमी असणे आणि वर्षानुवर्षे आम्ल कमी करणारी गोळी घेतल्यामुळे लोहाचे शोषण मंदावणे ही कारणेही शक्य आहेत, परंतु ती आतून पाहून झाल्यावर मान्य करायची असतात, पाहण्याआधी नव्हे. म्हणूनच आईंच्या वयात वरून एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून जठर पाहणे) आणि खालून कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून नळी घालून मोठे आतडे पाहणे) अशा दोन्ही तपासण्यांचा सल्ला दिला जातो. गव्हातील ग्लुटेन न मानवणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणीही त्यासोबत करतात.

पँटोप्राझोलने आराम पडतो यावरून आतला आजार किरकोळ आहे असे ठरत नाही. या गोळीने व्रणाचे दुखणेही शमते आणि काही वेळा त्याहून गंभीर आजाराचेही. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. योग्य कारणासाठी ती अनेक वर्षे द्यावी लागते, फक्त तेव्हा बी-१२ आणि मॅग्नेशियम यांकडे लक्ष ठेवावे लागते. मात्र ती एकाएकी बंद करू नका, कारण काही दिवस आम्ल उलट जास्त सुटते आणि रुग्ण घाबरतो.

घरी एक काम करा. आई आणखी कोणकोणत्या गोळ्या, पुड्या, काढे घेतात ते नीट विचारा आणि सगळी पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. सांधेदुखीच्या गोळ्या, हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन, बाजारात मिळणाऱ्या पुड्या, मिसरी, सगळे त्यात आले.

या काळात शौचास डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, परंतु ते डांबरासारखे चिकट नसते. आणखी एक गोष्ट, जी पोटाची नसूनही येथे सांगणे आवश्यक आहे : छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब येऊन घाम फुटला, धाप लागली, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, तर ते पित्त समजून सोडा पिऊन झोपू देऊ नका. आधी ईसीजी काढा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका असा ‘पित्ताच्या’ रूपाने येऊ शकतो.

तज्ज्ञ निवडताना एमडी किंवा डीएनबीनंतर पोटविकारांचे तीन वर्षांचे डीएम शिक्षण घेतलेले डॉक्टर पाहा. तसे जवळ नसतील तर एंडोस्कोपी नियमितपणे करणारे फिजिशियन किंवा सर्जनही चालतील. खर्चाची अडचण असल्यास मुंबईत केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

मोरपीस :

डॉक्टरांनी ‘पित्त’ या शब्दाबद्दल जे लिहिले तेच मला ‘मूळव्याध’ या शब्दाबद्दल लिहावेसे वाटते, कारण आमच्या घराने त्या शब्दापायी पूर्ण एक वर्ष गमावले.

माझे वडील तेव्हा ५२ वर्षांचे होते. शौचाच्या वेळी रक्त पडते, हे त्यांनी संकोचाने कोणालाच सांगितले नाही. पुढे विनाऑपरेशन मूळव्याध बरी करण्याची जाहिरात वाचून ते एका ठिकाणी जाऊ लागले. तेथे मलमे आणि पुड्या मिळत राहिल्या, रक्त मध्ये थांबे, पुन्हा सुरू होई. त्या वर्षभरात कोणीही गुदद्वारातून बोट घालून तपासले नाही, ज्याला एक मिनिटही लागत नाही. शेवटी शौचाला दिवसातून सहा-सात वेळा जावे लागू लागले आणि जाऊनही पोट मोकळे झाल्यासारखे वाटेना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली. बाबांना मूळव्याध खरोखरच होती. पण तिच्या वर, गुदाशयात, कर्करोगाची गाठही होती. एक आजार सापडला म्हणून दुसरा नसेल असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

किरणोपचार, केमोथेरपी, शस्त्रक्रिया, चार महिने पोटावर शौचाची पिशवी, हे सर्व त्यांनी सोसले. आज सहा वर्षे झाली, ते बरे आहेत आणि रोज सकाळी फिरायला जातात. त्यांच्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासणी सांगितली आहे : वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा आजारी व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिप नावाच्या लहान मांसल वाढीतून सुरू होतो आणि त्याला साधारणपणे अनेक वर्षे लागतात. त्या अवधीत पॉलिप काढून टाकला तर तो कर्करोग होतच नाही. माझ्या थोरल्या भावाचे दोन पॉलिप मागच्या वर्षी असेच काढले.

शेवंतीताई, आईंना शौचाबद्दल स्पष्टपणे विचारा. मुलीला त्या सांगतील, मुलाला कदाचित सांगणार नाहीत.

उंबरठा :

मी १४ वर्षे एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. ‘नळी घालून घेणार नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते, आणि त्यामागची भीती खोटी नसते, म्हणून आईंना सांगता येईल असे थोडे लिहिते.

वरची एंडोस्कोपी पाच ते दहा मिनिटांची असते. आदल्या रात्रीपासून सहा-आठ तास उपाशी राहायचे. घशात बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांमध्ये एक कडे ठेवतात. कवळी असेल तर आधी काढून ठेवावी. श्वास कोंडेल ही सर्वांत मोठी भीती असते. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही, त्यामुळे श्वास चालूच राहतो. नाकाने संथ श्वास घ्यायचा आणि लाळ गिळायची नाही, बाहेर सोडायची, एवढे ध्यानात ठेवले तर उमासे कमी येतात. बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, अस्तराचा तुकडा घेताना दुखत नाही. ज्यांना फारच भीती वाटते त्यांना गुंगीचे इंजेक्शन देतात. मग सोबत जबाबदार माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

कोलोनोस्कोपीत तपासणीपेक्षा तयारीच अधिक त्रासाची असते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आदल्या दिवशी हलका, चोथा नसलेला आहार आणि नंतर फक्त पातळ पदार्थ. मग दोन लिटर किंवा सांगितले असेल तेवढ्या पाण्यात पावडर मिसळून ते थोडे थोडे संपवायचे. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडू लागले म्हणजे आतडे तयार झाले. अर्धवट तयारी करून आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते आणि ते आम्हालाही जिवावर येते. गावच्या घरी संडास अंगणापलीकडे असेल तर आईंना आदल्या दिवशी तुमच्याकडेच ठेवा. अशक्त माणसाने रात्री सात-आठ वेळा अंधारात ये-जा करणे धोक्याचे आहे.

आणि हे विसरू नका : लोहाच्या गोळ्या कोलोनोस्कोपीच्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण त्यांनी काळा झालेला मळ आतड्याला चिकटून राहतो आणि दृश्य झाकतो. ते डॉक्टरांना विचारून करा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्यांचेही आधी विचारा, मनाने बंद करू नका.

ओंजळ :

माझा अनुभव उलट दिशेचा आहे. माझे वय २९. दोन वर्षांपासून पोटात मुरडा, वात, सकाळी कामावर निघताना तीन-तीनदा शौचास जावे लागणे, गेल्यावर मुरडा थांबणे आणि सुटीच्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. वजन जिथल्या तिथे. मी इतका घाबरलो की तीन तज्ज्ञ झाले, दोन्ही बाजूंनी तपासणी झाली, सीटी स्कॅनही झाला आणि बरीच बचत त्यात गेली. सर्व काही ठीक निघाले. तिसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून हा आयबीएस आहे, म्हणजे आतड्यांना जखम नाही परंतु त्यांचे चलनवलन आणि संवेदना बिघडल्या आहेत, असे समजावले. जेवणाच्या वेळा पाळणे, दूध दोन आठवडे बंद करून पाहणे, इसबगोल, रोजचे चालणे आणि झोप यांनी पुष्कळ फरक पडला. माझ्यासारख्याने इतके धावायला नको होते का, असे आता वाटते.

तालुक्यातला डॉक्टर :

ओंजळ, तुमची भीती समजण्यासारखी आहे. तरुण वय, स्थिर वजन, सामान्य रक्ततपासणी, शौचानंतर थांबणारा मुरडा आणि शांत रात्री असे चित्र असेल तर रक्त आणि शौचाच्या साध्या तपासण्यांवर निदान करता येते, आणि ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही करावे.

‘शांत रात्री’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. आयबीएसचा रुग्ण झोपला की त्याची आतडीही बहुधा झोपतात. जुलाबासाठी मध्यरात्री जाग येत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, शौचात रक्त असेल किंवा घरात आतड्याच्या आजाराचा इतिहास असेल, तर आयबीएस म्हणून गप्प बसू नये. आपल्या देशात अशा वेळी आतड्याच्या क्षयाचा विचार अगत्याने करावा लागतो. क्षय फक्त छातीत होतो असा समज अजून आहे. तो लहान आतडे संपून मोठे सुरू होते त्या सांध्यावर विशेषकरून होतो आणि उजव्या बाजूला खाली दुखत राहते. क्रोन्स नावाचा आजारही तेथेच होतो आणि दोन्ही इतके सारखे दिसतात की अनुभवी माणसालाही बायोप्सी, जंतूची तपासणी आणि कधी कधी औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरूनच वेगळे करता येतात. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण क्रोन्ससाठी दिली जाणारी स्टिरॉइड क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय बळावतो. आतड्याचा क्षय साधारणपणे सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची योजना आहे.

शेवंती :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी गोळ्यांची पिशवी करायला बसले, तेव्हा गव्हाच्या डब्यामागे ठेवलेली डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीची पाकिटे सापडली. गुडघे दुखतात म्हणून आई दीड वर्षापासून रोज एक, शेतात काम असेल तर दोन घेत होती. “तू रागावशील म्हणून सांगितले नाही,” असे ती म्हणाली, आणि मला रडू आले.

उंबरठाताईंचा मजकूर मी तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही तपासण्या पुण्यात एकाच दिवशी झाल्या. जठरात साधारण दीड सेंटिमीटरचा व्रण सापडला. बायोप्सीत कर्करोग नाही, परंतु हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. मोठे आतडे स्वच्छ आहे. वेदनाशामक गोळी बंद केली असून चौदा दिवसांची प्रतिजैविके सुरू आहेत. बायोप्सी चांगली असतानाही आठ आठवड्यांनी पुन्हा एंडोस्कोपी सांगितली आहे. ती खरोखर आवश्यक आहे का? आई आता तयार होईल असे वाटते, पण मामा विचारत आहेत.

तालुक्यातला डॉक्टर :

आवश्यक आहे. जठरातल्या काही व्रणांच्या कडेला कर्करोग दडलेला असतो आणि पहिल्या तुकड्यांत तो निसटू शकतो. व्रण पूर्ण भरून आला हे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो साधा होता असे खात्रीने म्हणता येते. मामांना एवढेच सांगा.

जंतू गेला की नाही हेही तपासून घ्यावे लागते. ही तपासणी श्वासावरून, शौचाच्या नमुन्यावरून किंवा दुसऱ्या एंडोस्कोपीत पुन्हा तुकडा घेऊन होते. मात्र प्रतिजैविके संपून किमान चार आठवडे आणि पँटोप्राझोल थांबवून किमान दोन आठवडे झालेले असावेत, नाहीतर जंतू असूनही तो नाही असे उत्तर येऊ शकते. व्रण भरेपर्यंत ती गोळी चालू ठेवायची असल्यामुळे दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते तुमच्या तज्ज्ञांकडून तारखांसह लिहून घ्या. गोळी बंद असलेल्या त्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर कोणते पातळ अँटासिड चालेल, हेही त्याच कागदावर लिहून मागा, म्हणजे आई मेडिकलमधून पुन्हा जुनीच गोळी आणणार नाहीत. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किती घेता येईल आणि कोणते व्यायाम करावेत, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. दुखणे कमी झाले नाही तर ती पाकिटे पुन्हा गव्हाच्या डब्यामागे येतील.